पंधरा मार्चच्या आत: परदेशी मध्यस्थामार्फत काम करणाऱ्या पुणेकरांना आवाहन

आज 6 मार्च 2026, शुक्रवार. तुमच्या खात्यावर दर महिन्याला डॉलर, पौंड किंवा युरोचे रुपये होऊन पैसे जमा होतात का? आणि फॉर्म 16 नावाचा कागद आजवर तुमच्या हातात कधी पडलेला नाही, असं आहे का? मग हे तुमच्यासाठी लिहितोय. तुम्ही हिंजवडी, बाणेर, वाकड किंवा खराडीला, नाहीतर सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या माडीवर बसून परदेशातल्या कंपनीचं काम करत असाल, तर हातातलं काम दहा मिनिटं बाजूला ठेवा. घरात असा मुलगा, मुलगी, सून, जावई असेल तर आई-वडिलांनी हा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवावा. नऊ दिवस उरलेत.

मी कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत वीसेक वर्षं करसल्लागार म्हणून बसतोय. पूर्वी मार्चमध्ये माझ्याकडे गर्दी असायची ती दुकानदारांची, डॉक्टरांची, एखाद्या मंगल कार्यालयवाल्याची. करोनानंतर त्यात एक नवीन गिऱ्हाईक मिसळलं. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, पाठीवर लॅपटॉपची सॅक आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, टॅक्सचं कंपनी बघते ना?"

मागच्या आठवड्यात आलेल्या मुलाचंच सांगतो. सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. काम अमेरिकेतल्या कंपनीचं, करार सिंगापूरच्या मध्यस्थ कंपनीशी, पैसे लंडनच्या वॉलेटमधून, आणि बसायला वाकडच्या फ्लॅटची गॅलरी. महिन्याला दोन लाख. गृहकर्ज काढायला गेला तेव्हा बँकेनं तीन वर्षांची रिटर्न मागितली आणि याच्याकडे एकही नव्हतं. मुलगा लबाड नाही. मध्यस्थाकडून दर महिन्याला येणाऱ्या पावतीवर 'टॅक्स' असा रकाना आहे, त्यात शून्य असतं. शून्य म्हणजे कर लागत नाही, असं त्यानं वाचलं. त्या शून्याचा खरा अर्थ 'आम्ही काही कापलेलं नाही' एवढाच होता.

मग त्याचा मोबाइल बघितला. परदेशातून पैसे आले की बँक 'पर्पज कोड' विचारते, म्हणजे पैसे कशाचे आले ते. यानं तीन वर्षं पी 1301 निवडलेला. का, तर तो निवडला की बँक पुढे काही विचारत नाही, असं मित्रानं सांगितलं होतं. पी 1301 म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयानं घरखर्चासाठी किंवा बचतीसाठी पाठवलेले पैसे. म्हणजे कागदोपत्री या पोराला सिंगापुरात कुणी काका आहेत आणि ते दर महिन्याला न चुकता दोन लाख घरखर्चाला पाठवतात! हसू नका. तुमचा कोड काय आहे ते आधी बघा. सॉफ्टवेअर सल्ला-सेवेचा कोड पी 0802 आहे, नोकरीच्या मोबदल्याचा पी 1401. चुकला असेल तर बँकेत लेखी अर्ज देऊन पुढचा तरी सुधारून घ्या, आणि प्रत्येक रकमेचं आवक-पत्र, म्हणजे पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला, मागून ठेवा. पुढे जीएसटीच्या वेळी तोच कागद लागतो.

कायद्याचं म्हणणं दोन वाक्यांत सांगता येतं. भारतात निवासी असलेल्या माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं. मध्यस्थ सिंगापूरचा असो, एस्टोनियाचा किंवा डेलावेअरचा, तुम्ही पुण्यात बसून काम केलं की तो कुठला याला काही किंमत उरत नाही. कर कापून सरकारजमा करणारा इथे कुणी नसेल तर तो भरायचं काम तुमचं. वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त होणार असेल तर तो वर्षभर हप्त्यांनी आगाऊ भरायचा असतो: 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत सगळा. चुकलेल्या हप्त्यावर महिन्याला एक टक्का व्याज. यंदा 15 तारखेला रविवार आहे. बँकेला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं चालतं, अशी सवलत आहे खरी, पण तिच्या भरवशावर राहू नका. ही तारीख हुकलीच तर निदान 31 मार्चच्या आत भरा. तोवर भरलेली रक्कम आगाऊ करातच धरतात, त्यामुळे एप्रिलपासून लागणारं दुसरं व्याज टळतं.

आता सगळ्यात नाजूक भाग, आणि इथेच बहुतेक जण फसतात. तुम्ही नोकर आहात की व्यावसायिक?

पुण्याच्या आयटी कट्ट्यांवर एक मंत्र फिरतोय: '44 एडीए टाक, अर्धं उत्पन्न माफ'. त्यात तथ्य आहे. ठरावीक व्यवसायांना, ज्यात अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला आणि माहिती तंत्रज्ञान येतं, एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची मुभा या कलमानं दिली आहे. मर्यादा 50 लाख, आणि रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाख. शिवाय या लोकांना चार हप्ते नाहीत, सगळा आगाऊ कर एकदाच, 15 मार्चला. वाकडच्या मुलाचा हिशेब मांडू. वर्षाला 24 लाख. तो व्यावसायिक ठरला तर उत्पन्न 12 लाख, आणि नव्या करप्रणालीतल्या सवलतीमुळे कर शून्य. नोकर ठरला तर 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन 23,25,000 वर कर, उपकरासह 2,92,500 रुपये. माणूस तोच, काम तेच, पैसे तेच. फरक पावणेतीन लाखांच्या वरचा.

एवढा फरक असल्यावर कुणाला मोह होणार नाही? पण करारावर 'स्वतंत्र कंत्राटदार' असं छापलं म्हणून कुणी कंत्राटदार होत नाही. 1956 साली सर्वोच्च न्यायालयात धरांगध्रा केमिकल वर्क्सचा खटला गाजला होता. सौराष्ट्रातल्या मिठागरांत राबणारे अगरिया हे कामगार की स्वतंत्र कंत्राटदार, असा प्रश्न होता. काम काय करायचं एवढंच मालक सांगतो की ते कसं करायचं हेही सांगू शकतो, ही कसोटी तिथे लावली गेली आणि अगरिया कामगार ठरले. मिठागरापासून लॅपटॉपपर्यंत जग बदललं, तरी वकील आजही त्याच निकालापासून सुरुवात करतात. वाकडच्या मुलाचा करार मी उलगडला. आठवड्याला 40 तास, वर्षाला 18 दिवस भरपगारी रजा, रजेला मॅनेजरची परवानगी, लॅपटॉप कंपनीचा, दुसऱ्या कुणाचं काम करायला मनाई. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'कंत्राटदार'. असा करार घेऊन 44 एडीएचं रिटर्न भरणं म्हणजे पुढे येणाऱ्या प्रश्नाला स्वतःहून बोलावणं. उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या कराच्या 50 टक्के दंड, आणि चुकीची माहिती देऊन कमी दाखवलं असं ठरलं तर 200 टक्के. ज्यांना खरोखर स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांनी, दोन-चार गिऱ्हाइकांचं काम करायचं स्वातंत्र्य आहे, त्यांनी हे कलम बिनधास्त वापरावं, ते त्यांच्यासाठीच आहे. बाकीच्यांनी करार घेऊन जाणत्याकडे बसावं. लेखन, मार्केटिंग असलं काम करणाऱ्यांनी आपला व्यवसाय त्या यादीत येतो का, हे आधी विचारावं. यादी छोटी आहे.

आणि व्यावसायिक व्हायचं ठरवलंत तर पूर्ण व्हा. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी 30 दिवसांत घ्यावी लागते. महिना दोन लाखांनी एप्रिल ते जानेवारी 20 लाख होतात आणि फेब्रुवारीचे पैसे आले की रेघ ओलांडली जाते. म्हणजे तुमच्यापैकी कितीतरी जणांचे ते 30 दिवस या क्षणी चालू आहेत! परदेशी गिऱ्हाइकाला परकीय चलनात दिलेली सेवा ही निर्यात, तिच्यावर कर शून्य. पण त्यासाठी दर आर्थिक वर्षाला एलयूटी म्हणजे हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं. ते नसेल तर आधी 18 टक्के भरा आणि मग परतावा मागा. हमीपत्राला उशीर झाला एवढ्यावरून निर्यातीचा लाभ नाकारू नये, असं 15 मार्च 2018 चं केंद्राचं परिपत्रक आहे, म्हणून अगदीच घाबरू नका. 2026-27 चं मात्र एप्रिलचं पहिलं बिल करायच्या आत भरून टाका. आणखी एक खड्डा आहे. तुमचा करार मध्यस्थाच्या भारतीय कंपनीशी असेल आणि ती रुपयांत पैसे देत असेल तर ती निर्यातच नाही. तुमच्या बिलावर सरळ 18 टक्के लागतात, साहेब अमेरिकेत बसत असला तरी.

नोकरानं मालकाला दिलेल्या सेवेला जीएसटी लागत नाही, हे बरोबर. म्हणून काही शहाणे प्राप्तिकराच्या खात्याला सांगतात मी व्यावसायिक आणि जीएसटीला सांगतात मी नोकर. दोन्ही खात्यांत तुमचा पॅन एकच आहे, एवढं लक्षात ठेवा.

ज्यांना मध्यस्थाच्या भारतीय कंपनीनं रीतसर नोकर म्हणून घेतलंय, पगारपत्रक देते, कर कापते, पीएफ भरते, त्यांचं तुलनेनं बरं आहे. तरी आज रात्री दोन गोष्टी उघडून बघा: प्राप्तिकराच्या पोर्टलवर 26 एएस आणि पीएफचं पासबुक. पगारपत्रकावर कापलेला प्रत्येक रुपया तिथे दिसतोय का? कापणं वेगळं, भरणं वेगळं. किंगफिशर एअरलाइन्सनं कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर सरकारजमा केला नव्हता, हे सगळ्यांना आठवत असेल. पगारातून कर कापला गेला असेल तर तो पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, असं कायद्याचं 205 कलम सांगतं. पण कापला होता हे दाखवायला पगारपत्रकं तुमच्याच जवळ हवीत. मध्यस्थाच्या पोर्टलवर आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. मध्यस्थ उद्या गाशा गुंडाळेल आणि पोर्टलही त्याच्याबरोबर जाईल. आजच उतरवून घ्या.

ही अडचण एकट्या पुण्याची नाही. ब्रिटनमध्ये जर्सी-गर्न्सीसारख्या बेटांवरच्या कंपन्यांमार्फत माणसं कामावर दाखवायची आणि मालकाचा नॅशनल इन्शुरन्सचा वाटा चुकवायचा, हा धंदा जोरात होता. 6 एप्रिल 2014 पासून तिथल्या सरकारनं नियम केला: मध्यस्थ देशाबाहेर असेल तर कराची जबाबदारी देशातल्या एजन्सीवर किंवा ज्याच्यासाठी काम झालं त्याच्यावर. पगाराऐवजी 'कर्ज' देऊन कर वाचवणाऱ्या योजनांचा शेवट मात्र कडू झाला. 2019 साली त्या कर्जांवर कर लावला गेला आणि बिलं आली ती बहुतांशी काम करणाऱ्या माणसांना. योजना विकणारे तोवर पांगले होते. येत्या 6 एप्रिलपासून तिथे अशा मध्यस्थांच्या न भरलेल्या कराला एजन्सीही जबाबदार राहणार आहे.

आपल्याकडे परदेशी मालकानंही भारतात केलेल्या कामाच्या पगारावर कर कापला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2009 साली एली लिलीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. पण ज्याचं इथे कार्यालय नाही, खातं नाही, पाटीसुद्धा नाही, त्याच्या मागे कोण लागणार? सापडतो तो वाकडच्या गॅलरीतला मुलगा. माझं मत विचाराल तर भारतात माणसं नेमणाऱ्या प्रत्येक मध्यस्थाला वर्षाअखेरीस एक विवरण देण्याची सक्ती हवी: इतके पैसे दिले, कर कापलेला नाही, तो तुम्ही भरायचा आहे. एका पानाचं काम आहे. अर्थ मंत्रालयाकडे ही मागणी व्यावसायिकांच्या संघटनांनी लावून धरावी, अशी माझी विनंती आहे. ती मान्य होईल तेव्हा होईल. व्याजाचं मीटर मात्र आजच चालू आहे.

लोणी काळभोर आणि तळेगावच्या सागरी शिक्षण संस्थांतून बाहेर पडलेल्या, मॅनिंग एजंटमार्फत परदेशी जहाजांवर जाणाऱ्या मुलांचं गणित वेगळं आहे. वर्षात भारतातला मुक्काम 182 दिवसांपेक्षा कमी राहिला तर ते अनिवासी, आणि परदेशगामी जहाजावरच्या नोकरीचा पगार इथल्या एनआरई खात्यात जमा झाला एवढ्यावरून करपात्र होत नाही, असं 2017 चं 13 क्रमांकाचं परिपत्रक आहे. सगळं अडतं ते दिवसांच्या मोजणीवर. सीडीसी या जहाजी नोंदपुस्तकातल्या साइन-ऑन, साइन-ऑफच्या तारखा आता मोजा. 31 मार्चनंतर एक दिवससुद्धा इकडचा तिकडे करता येणार नाही.

मागची वर्षं राहिली असतील तर 31 मार्च तुमच्यासाठी पंधरा तारखेहूनही मोठा आहे. अद्ययावत रिटर्नची वाट आता चार वर्षं उघडी असते. 2020-21 हे करोनाचं वर्ष, ज्यात तुमच्यातल्या अनेकांनी घरून पहिलं परदेशी काम घेतलं, ते सुधारायची शेवटची तारीख 31 मार्च 2026 आहे. कर आणि व्याज यांच्यावर 70 टक्के जादा भरावे लागतील. जबर आहे, कबूल. त्याच्या पुढच्या वर्षाला आज 60 टक्के, मग 50, मग 25. पहिली एप्रिल उजाडली की ही प्रत्येक पायरी एकेक वर चढते. आणि खात्याची नोटीस आधी आली तर ही वाट बंदही होऊ शकते. एप्रिलपासून नवा प्राप्तिकर कायदा येतोय, मग जुनं सगळं गेलं, असं एक जण मला छातीठोकपणे सांगून गेला. 2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू होतोय, कलमांचे आकडे बदलतील, 'कर वर्ष' हा शब्द येईल, पण जुन्या वर्षांची देणी जुन्या कायद्यानं तशीच राहतात.

लंडनच्या वॉलेटमध्ये शिल्लक ठेवली असेल, परदेशी कंपनीनं शेअर दिले असतील, तर रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते येतं. त्यासाठी सोपा आयटीआर-1 किंवा आयटीआर-4 चालत नाही, 44 एडीएवाल्यांनाही आयटीआर-3 भरावा लागतो. हे न दाखवल्याचा दंड 10 लाख रुपये आहे. स्थावर सोडून बाकी मालमत्ता 20 लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर 2024 पासून त्या दंडातून सूट मिळाली आहे, पण दाखवण्यातून सूट नाही. 2024 च्या नोव्हेंबरात खात्यानं नुसते संदेश पाठवून आठवण केली, तर 24,678 जणांनी आपली रिटर्न पुन्हा तपासली. म्हणजे माहिती त्यांच्याकडे पोचलेली असते.

राहता राहिला व्यवसाय कर. वर्षाला 2,500 रुपये, व्यावसायिकांनी स्वतः नोंदणी करून भरायचा. 1975 साली राज्यानं तो रोजगार हमी योजनेसाठी आणला. गॅलरीत बसून डॉलर कमावणाऱ्यानं दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामासाठी एवढे तरी द्यायला हरकत नसावी.

बालेवाडी-खराडीच्या को-वर्किंग जागा चालवणाऱ्यांना एक विनंती: कॉफीच्या यंत्राशेजारी '15 मार्च, आगाऊ कर' एवढी पाटी लावा. पुण्यात पाटी कशी लिहावी हे कुणाला शिकवायला नको. सोसायट्यांच्या ग्रुपवर हे फिरवा. सहकारी सनदी लेखापाल आणि करसल्लागारांनो, या पंधरवड्यात अशी मुलं आली तर त्यांना 'एप्रिलमध्ये बघू' म्हणून परत पाठवू नका, आणि आधी करार मागा, मग कलम सांगा.

भरायला कुठे जायला नको. प्राप्तिकराच्या पोर्टलवर 'ई-पे टॅक्स' उघडा, पॅन टाका, मोबाइलवर आलेला ओटीपी द्या. प्रकार प्राप्तिकर, कंपनी सोडून, 0021. त्यात आगाऊ कर, कोड 100. निर्धारण वर्ष 2026-27 निवडा. घाईत आधीचं वर्ष निवडणारे दरवर्षी निम्मे तरी भेटतात आणि मग दुरुस्तीच्या अर्जात जून उजाडतो. पैसे गेले की चलनाची प्रत उतरवून घ्या, तिच्यावरचा बीएसआर कोड आणि चलन क्रमांक रिटर्नच्या वेळी लागतो. वाकडच्या मुलानं काल रात्री साडेअकराला भरले. चलनाचा फोटो पाठवलाय, वर्ष बरोबर आहे.